मागची डावी सीट

अप्पा साटम गेले ते गाडीत, मागच्या डाव्या सीटवर बसल्या बसल्या, आणि कधी गेले हे गाडी चालवणाऱ्या त्यांच्या सुनेला कळलंच नाही. लतिकाला पुढे कित्येक महिने हीच गोष्ट टोचत राहिली. म्हातारं माणूस जातं, ते समजण्यासारखं आहे. पण ती त्यांच्याशी बोलत होती. वरळीच्या समुद्रावरून निघाल्यापासून ती भाजीच्या भावाबद्दल, चाळ रिकामी करायच्या नोटिशीबद्दल, नवऱ्याच्या ब्लडप्रेशरबद्दल बोलत होती, आणि मागे ऐकायला कुणी नव्हतं.

अप्पांचं सगळं आयुष्य परळच्या एका गिरणीत, साचेखात्यात गेलं. मागांच्या खडखडाटाने कान अर्धे गेले होते. पुढे गिरणी बंद पडली, अप्पांनी वॉचमनकी केली, मुलगा अवधूत शिकून विमा कंपनीत लागला, सून आली, आणि म्हातारपणी अप्पांचं डोकं थोडं मागे-पुढे व्हायला लागलं. सकाळी उठून ते डबा मागायचे. पहिल्या पाळीला उशीर होतोय म्हणून चिडायचे. लालबागच्या त्या खोलीत त्यांना सांभाळणं कठीण व्हायचं. मग लतिकाने एक उपाय काढला. तिचं ऑफिस दुपारी सुरू व्हायचं, त्यामुळे सकाळी ती अप्पांना गाडीत घालून वरळीला न्यायची. तिथे कठड्यावर बसून दोघं शहाळं प्यायची आणि परत यायची. येताना गिरणीच्या जागेपाशी अप्पा पुढच्या सीटच्या पाठीवर थाप मारायचे. "हंय थांबव गो बाय."

तिथे आता काचेचा टॉवर होता. जुन्या गेटचा एक दगडी खांब तेवढा शोभेला ठेवला होता. लतिका गाडी कडेला घ्यायची. अप्पा आधी पट्टा काढायचे, त्याबरोबर गाडी टुंग टुंग करून कुरकुरायची. मग ते उतरून खांबापाशी उभे राहायचे, वर बघायचे, आणि परत येऊन बसायचे. पाळी भरल्यासारखे शांत व्हायचे.

त्या दिवशी थाप पडली नाही. लतिकाने आरशात पाहिलं तर मान कलली होती. डोळा लागला असेल, उगाच कशाला उठवा, म्हणून ती न थांबता पुढे गेली. चाळीखाली येऊन तिने मागचं दार उघडलं आणि हाताला हात लावला. डॉक्टर म्हणाले, वरळीला गाडीत बसले तेव्हाच गेले असावेत.

म्हणजे अप्पा त्या दिवशी गिरणीपाशी उतरलेच नाहीत.

बाणगंगेवर दहाव्याला कावळा शिवेना. ऊन चढलं. गुरुजींना पुढचं काम होतं. अवधूतने हात जोडून सगळं कबूल केलं, बहिणीकडे लक्ष देईन, गावच्या घराचं बघेन, तरी एकही कावळा खाली येईना. शेवटी त्यानेच गुरुजींना सांगितलं, "दर्भाचा करा आणि उरका." 

महिनाभरात लतिकाने गाडी विकली. ती गाडी तिला चालवताच येईना. विजेवरच्या गाडीला आवाज नसतो, ती नुसती सरकते, आणि त्या शांततेत मागे कुणीतरी श्वास रोखून बसलंय असं तिला वाटायचं. गाडी विकायला लांब जावं लागलं नाही. लतिका ज्या कंपनीत कामाला होती तिचा धंदाच तो होता.

हेरंब नावाच्या हुशार, बोलक्या तरुणाची ती कंपनी. लोअर परळच्या एका गाळ्यात बारा-पंधरा माणसं बसायची. मुंबईतल्या जुन्या इलेक्ट्रिक गाड्या घ्यायच्या, बॅटरी तपासायची, रंग-पॉलिश करायचं आणि कंटेनरमध्ये घालून कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर पाठवायच्या. सुरुवातीला सगळे हसले होते. बार्बाडोस म्हटलं की लालबागमधल्या माणसाला फक्त फास्ट बोलर आठवायचे. पण हेरंबचं गणित पक्कं होतं. तो नव्या माणसाला पटवून सांगायचा, "बेट आपल्या मुंबईपेक्षा लहान. एकदा चार्ज केली की ह्या टोकापासून त्या टोकाला जाऊन परत या, तरी बॅटरी उरते. पेट्रोल जहाजातून येतं, सोन्याच्या भावाने. ऊन मात्र फुकट, घराघरावर सोलर. आणि इंग्रजांची कृपा, तिकडेही स्टिअरिंग उजवीकडे!" दोन वर्षांत मागणी अशी वाढली की गाड्या कमी पडायला लागल्या. शिक्षक, नर्सा, पाद्री, हॉटेलात काम करणारी पोरं, सगळ्यांना इलेक्ट्रिक हवी होती. लतिकाचं काम त्या गिऱ्हाइकांशी बोलायचं. इकडे संध्याकाळ झाली की तिकडे सकाळ व्हायची, आणि तिच्या कानात बेट जागं व्हायचं.

अप्पांची गाडीही त्याच वाटेने गेली. त्यात माणूस गेलाय हे हेरंबला माहीत होतं. कागदावर ते लिहायची पद्धत नव्हती.

मधल्या काळात चाळ पाडली. अवधूत आणि लतिका काळाचौकीला भाड्याच्या खोलीत राहायला गेली. नवी इमारत होईल तेव्हा होईल. लतिका एकदा जुन्या जागेवरून गेली तर पत्र्याच्या आड नुसता खड्डा होता. आपली दुसऱ्या मजल्यावरची खोली आता हवेत नक्की कुठे असेल, याचा अंदाज घेत ती बराच वेळ वर बघत राहिली.

पावसाळा सरल्यावर एका संध्याकाळी तक्रार आली. मार्वा गिटन्स नावाची बाई होती, साठीच्या आसपासची, घरोघर जाऊन आजाऱ्यांची सेवा करणारी नर्स. आवाज जाड आणि मायाळू.

"गाडी उत्तम आहे," ती म्हणाली. "फक्त एक भानगड आहे. मागच्या सीटवर कुणी नसताना ती पट्टा लावा म्हणून ओरडते. डावीकडच्या."

लतिकाने नेहमीचे प्रश्न विचारले. सीटवर पिशवी ठेवता का? पाणी सांडलं होतं का?

"काही नाही. मेकॅनिकने सेन्सर बदलला, नंतर बक्कल बदललं. आणि ती नेहमी ओरडत नाही. एकाच ठिकाणी ओरडते."

"कुठे?"

"माझ्या पेशंटच्या वाटेवर साखरेचा जुना कारखाना आहे. माझे वडील तिथेच होते. बंद पडून किती वर्षं झाली. त्याच्या फाटकापाशी आलं की सुरू होतं. टुंग, टुंग, टुंग."

लतिकाने गाडीचा चासी नंबर मागितला. तो ऐकून तिने त्या सीटचा फोटो मागितला. मार्वाने लगेच पाठवला. सीटच्या कडेला बोटभर पांढरट डाग होता. अप्पा तंबाखू मळताना चुन्याचं बोट तिथे पुसायचे. किती घासलं तरी तो गेला नव्हता.

तिने फोन ठेवला. ती उठून हेरंबच्या केबिनमध्ये गेली आणि त्याला सगळं सांगितलं. हेरंबने दार लावून घेतलं.

"लतिकाताई, तुमचं दुःख मला समजतं. पण ऐका. मुंबईची दमट हवा, वायरिंगला गंज, एवढंच सांगायचं. गाडीत माणूस गेला हे तोंडातून काढायचं नाही. ती माणसं चर्चला जाणारी. बेट एवढंसं. आज एका बाईला कळलं की रविवारी सगळ्या बेटाला कळेल. मग मुंबईची गाडी म्हणजे भुताची गाडी. डिसेंबरचा कंटेनर कोण घेणार?"

लतिका बाहेर आली आणि तिने मार्वाला गंजाचं सांगितलं. मार्वा म्हणाली, "बरं." त्या 'बरं'वरून लतिकाला कळलं की तिचा विश्वास बसलेला नाही.

चार-पाच दिवसांनी मार्वाने व्हिडिओ पाठवला. गाळ्यात वर्दळ होती, कुणीतरी भेळ आणली होती. लतिकाने कानात इअरफोन घातले आणि पाहिला. फोन गाडीच्या पुढच्या काचेपाशी लावला होता. दोन्ही बाजूंना उसाची रानं, अरुंद रस्ता, स्वच्छ ऊन. मार्वा काहीतरी गुणगुणत होती. वळणावर विटांचं धुराडं दिसलं, गिरणीला असायचं तसंच, फक्त बुटकं. फाटकावर वेली चढल्या होत्या. आणि मग तो आवाज.  मार्वाने गाडी थांबवली, उतरली, वळसा घालून गेली आणि मागचं डावं दार उघडलं. आवाज बंद झाला. ती दार धरून थोडी थांबली. दार लावलं. पुन्हा येऊन बसली आणि गाडी चालू केली. आता आवाज नव्हता.

खाली तिने लिहिलं होतं, 'हा गंज आहे का?'

त्या दिवसापासून लतिकाचा धीर सुटला. लालबाग-परळमध्ये इलेक्ट्रिक गाड्या आता इतक्या झाल्या होत्या की रस्त्याने चालताना मागून एखादी अगदी टाचेशी येईपर्यंत कळायचं नाही. ती दचकून वळायची. ड्रायव्हरकडे न बघता आधी मागच्या काचेत बघायची. हिंदमातापाशी तर एकदा तिने एका उभ्या गाडीच्या काचेला हात लावून आत डोकावलं, आणि आतल्या बाईने घाबरून काच वर केली.

तिने रात्रीच्या जेवणाला अवधूतला सांगितलं. त्याने ताटातला घास तसाच ठेवला.

"अहो, व्हिडिओ तरी बघा."

"काय बघू? मशीन आहे ते. बिघडतं."

"नेमकं बंद कारखान्यापाशीच बिघडतं? पट्टा काढल्याचा तोच आवाज आहे. त्यांना उतरायचंय."

"लतिका, माझा बाप लालबागमध्ये जन्मला आणि लालबागमध्ये जळला. मी अग्नी दिला. दहावं केलं, बारावं केलं. अजून काय करायचं राहिलं?" तो मोठ्याने बोलत होता, पण तिच्याकडे बघत नव्हता. "तो कशाला जाईल तिकडे सातासमुद्रापार?"

"आपणच पाठवले," लतिका म्हणाली.

अवधूत उठला आणि हात धुवायला गेला. मोरीतलं पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

लतिकाने मग कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गाळ्याच्या मागच्या जिन्यात गेली आणि स्वतःच्या फोनवरून तिने मार्वाला फोन लावला. जुळवाजुळव न करता सांगून टाकलं. ती गाडी माझीच होती. त्या सीटवर माझे सासरे गेले. ते गिरणीत कामाला होते आणि रोज गिरणीपाशी उतरायचे. शेवटच्या दिवशी त्यांचं उतरायचं राहून गेलं.

 लतिकाला वाटलं, आता ही शिव्या घालेल.

"मला वाटत होतं लहान मूल असेल," मार्वा म्हणाली. "मी मेकॅनिकला दोनदा पैसे दिले गं. म्हातारा माणूस आहे हे आधी सांगितलं असतंस तर मी त्या वळणावर एवढा जोरात ब्रेक नसता मारला."

लतिकाला रडू आलं आणि हसूही.

"भीती नाही वाटत तुम्हाला?"

"पहिल्यांदा वाटली. माझी एक पेशंट आहे, आंधळी. तिला दवाखान्यात नेत होते, तर ती डाव्या बाजूने चढेना. म्हणाली, तिकडे कुणीतरी बसलंय, मी उजवीकडून बसते.  पण माझं सगळं आयुष्य मरणाऱ्या माणसांच्या उशाशी गेलंय, लॅटिका. माणूस वाईट असला तर खोलीत शिरताच कळतं. हा तसा नाही. हा नुसता वाट चुकलेला आहे. पण मला एक सांग. मी रोज दार उघडते. तो रोज उतरतो. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीत कसा?"

लतिका जिन्याच्या पायरीवर बसली. हा प्रश्न तिच्या मनात आलाच नव्हता.

"ती त्यांची गिरणी नाही," ती सावकाश म्हणाली. "ते उतरून बघतात, आणि परत येऊन बसतात. घरी न्या म्हणून."

"मग घरी बोलव त्याला."

लतिकाचं माहेर मालवणकडचं, घाड्यांचं. गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान तिच्या वडिलांकडे होता. गाव अडलं, गुरं हरवली, कुणाला बाहेरचं झालं की वडील नारळ हातात घेऊन उभे राहायचे आणि खणखणीत आवाजात देवाला, पितरांना हाका मारायचे. बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नव्हती. पण ऐकून ऐकून लतिकाला शब्दन् शब्द पाठ होता. अप्पांना तिच्या वडिलांचं गाऱ्हाणं फार आवडायचं. मुंबईच्या भटांचं देवाक ऐकाक जाणा नाय, असं ते म्हणायचे.

तिने अवधूतला पुन्हा एकदा विचारलं. मुलाने घालावं, तोच खरा अधिकारी. अवधूत म्हणाला, "मला हसवू नकोस." पण तो हसला नाही.

मग शनिवारी तिने हाफ डे घेतला. मार्वाला विचारलं, "एक नारळ लागेल. मिळेल का?"

"नारळ?" मार्वा खदाखदा हसली. "बेटावर राहणाऱ्या बाईला तू नारळ मिळेल का विचारतेस?"

सूर्य बुडायच्या सुमाराला लतिका परळला त्या टॉवरपाशी, दगडी खांबाजवळ जाऊन उभी राहिली. ऑफिसं सुटलेली. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं-पोरी चहाच्या टपरीकडे चालली होती. तिने व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचं ऊन होतं, मागे उसाचं रान हलत होतं. मार्वाने स्वच्छ पांढरा नर्सचा ड्रेस घातला होता. गाडी कारखान्याच्या वळणाकडे चालली होती. लतिकाने तिला दोन शब्द शिकवले होते. ते ती मधून मधून घोकत होती, "वोय म्हाराजा, वोय म्हाराजा."

फाटक आलं. आवाज सुरू झाला. मार्वा उतरली आणि तिने दार उघडलं.

आवाज बंद झाला नाही.

मार्वाने कॅमेरा स्वतःकडे वळवला. पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरलेला दिसला. "रोज दार उघडलं की थांबतो," ती कुजबुजली. "आज थांबत नाही."

"सीटकडे धरा," लतिका म्हणाली. "मला त्यांच्याशी बोलू दे."

पडद्यावर ती सीट आली. चुन्याचा डाग. उन्हाचा एक पट्टा. गादी मध्यभागी जराशी दबलेली दिसत होती, की लतिकालाच तसं वाटत होतं, देव जाणे. तिने खांबाला एक हात टेकला आणि आवाज लावला.

"रे देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा येशींच्या, बारा वाटांच्या म्हाराजा!"

टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. तिकडून जाड आवाज आला, "वोय म्हाराजा!"

"आज ही घाड्याची लेक, साटमांची सून, तुझ्यासमोर उभी रवान हात जोडता, म्हाराजा!"

"वोय म्हाराजा!"

"आमचो म्हातारो वाट चुकलो, म्हाराजा! परमुलखात, परक्या वाटेर रवलो! त्येका वाट दाखय, त्येका हात धरून आण, म्हाराजा..."

"वोय म्हाराजा!"

पुढचे शब्द ठरलेले होते. त्येका आपल्या घराक, आपल्या उंबऱ्याक आणून सोड. लतिकाने तोंड उघडलं आणि ती तिथेच अडकली. कुठल्या उंबऱ्याला? खोली पाडली होती. पत्र्याच्या आड खड्डा होता. बोलावलं आणि आले, तर कुठे येतील? त्या खड्ड्यावर, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, हवेत उभे राहतील? काळाचौकीचा पत्ता त्यांना ठाऊक नव्हता. तिथे त्यांचा फोटोसुद्धा अजून खोक्यातच होता.

फोनमधून तो आवाज येतच होता. टुंग, टुंग, टुंग.

ती मग देवाशी बोलायची थांबली आणि सासऱ्यांशी बोलायला लागली. खालच्या आवाजात, रोज गाडीत बोलायची तशी.

"अप्पानू, आयकतात मां? गिरण बंद झाली. हयची पण बंद, थयची पण बंद. तुमच्या पाळयेक आता कोण हाक मारूचो नाय. चाळ पाडल्यानी. खोली नाय रवली. तुमका घराक बोलावचा तर घरच नाय, अप्पानू. मी खंय बोलवू तुमका? त्या दिवशी मी थांबूक नाय. माका कळाक नाय. आज गाडी थांबली आसा. दार उघडा आसा. ही बाई मायेची आसा, तुमका खाली पाडूची नाय. सावकाश उतरा. हंयच रवा. उसाची सावली आसा, दर्याचो वारो आसा. भियां नकात. उतरा आता."

चित्र गोठलं. नेटवर्क गेलं असावं. आवाज मात्र येत होता, तुटक तुटक. मग तोही थांबला. लतिकाला वाटलं कॉलच तुटला. पण नंतर करवंटी फुटल्याचा खण्ण आवाज आला, नारळ दगडावर आपटल्याचा, आणि मार्वाचा श्वास ऐकू आला.

"लॅटिका," ती म्हणाली, "गादी वर आली. मी बघितली. कुणीतरी उठल्यावर येते तशी, हळूहळू." आणि मग, कुणी सांगितलं नसताना, ती पुन्हा हळूच म्हणाली, "वोय म्हाराजा."

टॉवरचा वॉचमन जवळ आला होता. "मॅडम, तबियत ठीक आहे ना?" लतिका खांबाला धरून खाली बसली होती, ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यानंतर गाडी ओरडली नाही. मार्वाने कुणापासून काही लपवलं नाही. पुढच्या रविवारी चर्चबाहेर तिने सगळ्यांना सांगितलं, मुंबईचा एक गृहस्थ आपल्या बेटावर राहायला आलाय. हेरंबच्या कानावर ते डीलरकडून आलं. तो लतिकावर भयंकर भडकला. दोन गाड्यांची बुकिंगं रद्द झाली, तीन महिने लतिकाला गिऱ्हाइकांचे फोन बंद आणि नुसतं बॅटऱ्यांच्या रिपोर्टांवर बसवलं. पण डिसेंबरचा कंटेनर भरूनच गेला. बेटावर पेट्रोल काही स्वस्त झालं नव्हतं. उलट डीलरने लिहिलं की आता लोक गाडी घेताना विचारतात, हिच्यात आधी कोण बसायचं? लतिकाने हेरंबला सांगितलं, विचारलं तर मी खरंच सांगणार. हेरंबने तिला अडवलं नाही. गाडीत कोण गेलं हे लिहायचा नवा फॉर्म मात्र त्याने छापला नाही.

अवधूतने यातलं काहीच विचारलं नाही. फक्त एक दिवस लतिका घरी आली तर अप्पांचा फोटो खोक्यातून निघून भिंतीवर लागला होता. खिळा वाकडा ठोकला होता. 

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा एका रविवारी, दिवेलागणीला, तो खिडकीत उभा राहून म्हणाला, "तिकडे आता किती वाजले?"

"सकाळ असेल."

"ती बाई... रविवारी गाडी काढते?"

लतिकाने फोन लावून त्याच्या हातात दिला. अवधूतने तो दूर, अवघडून धरला, तापलेलं भांडं धरावं तसा. मार्वा कामावरून परतत होती. आंधळ्या पेशंटचं सकाळचं आटोपून ती कारखान्याच्या वळणावर आली होती.

"हा मुलगा का?" तिने विचारलं. "नाक तेच असणार. मी पाहिलं नाहीये, पण असणार."

"त्यांना... आता कुठे..." अवधूतचं इंग्रजी एरवी चांगलं होतं.

"सकाळी इथे उतरतो. मी येते तोवर तिकडे भिंतीच्या सावलीत असतो. मी येताना त्याला गाडीत घेते." ती हे सरळ सांगत होती, शेजारणीबद्दल सांगावं तसं. "गाडी आता काही बोलत नाही. पण मला कळतं. थांब, दाखवते."

ती उतरली. तिने मागचं दार उघडलं आणि फोन तिकडे वळवला. रिकामी सीट, रिकामं फाटक, हलणारा ऊस. अवधूत बघत राहिला.  लतिकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवला असता तर तो बोललाच नसता.

"बाबानू," तो म्हणाला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच लतिकाने त्याच्या तोंडून मालवणी ऐकली, "जेवलात?"

 ऊस हलत राहिला. पलीकडे कुठेतरी एक कोंबडा आरवला.

"काय म्हणाला तो?" मार्वाने विचारलं.

"जेवलात का, विचारतोय," लतिका म्हणाली.

मार्वाने मान हलवली. तिला घाई होती, घरी पाहुणे यायचे होते, तसं ती म्हणालीही. तरी तिने दार लगेच लावलं नाही. एका हाताने ते उघडं धरून ती थोडी बाजूला सरली आणि म्हाताऱ्या माणसाला दुसरा पाय आत घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ शांत उभी राहिली. मग तिने ते अगदी हळू लोटलं.